ओल्या कोटावरची मात

त्या लाँड्रीत 'डाग निघाला' असं म्हणायला बंदी होती. म्हाताऱ्या मालकांना ते शब्द ऐकूनच ठसका लागायचा. "निघाला म्हणजे? पिशवी उचलून स्वतःच्या पायांनी चालत गेला का? आम्ही काय दार उघडून त्याला टाटा केला?" मग समोर गिऱ्हाईक असो की पोस्टमन, त्याला डागाशी लढाई कशी करतात आणि लढाईचा निकाल कोणत्या शब्दात सांगतात, याचा धडा उभ्या उभ्या मिळायचा.

हे मालक म्हणजे घाईबाईचे मामंजी. घाईबाई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. लग्न ठरण्याआधी ती पहिल्यांदा त्या घरी आली, तेव्हा बसायच्या आधीच पुढ्यातला कप उचलायला गेली आणि चहा सांडला तो पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर. तिच्या आईनं कपाळाला हात लावला. होणारा नवरा छताकडे बघू लागला. आणि होणारे सासरे खुर्चीतून असे उडाले की जणू कुणी त्यांना बक्षीस आणून दिलं.

"कुणी हात लावू नका! पुसू नका! चोळू नका! वा, साखरेचा चहा, दूध घातलेला, आणि गरम! पोरी, चांगला सांडलास."

तासाभरानं पाहुण्यांना टेबलाभोवती उभं करून त्यांनी जाहीर केलं, "नमवला." तिला काही डाग दिसत नव्हता. ती म्हणाली, "गेला की पूर्ण!" त्यांनी तिचं डोकं हलकेच धरून वाकवलं आणि खिडकीच्या उजेडात एक फिक्कट कड दाखवली. "हा बघ, मान खाली घालून बसलाय. नमलेला शत्रू जिवंत असतो. घाई नको करू, बाई." त्या दिवसापासून ती घाईबाई झाली, आणि का कोण जाणे, त्याच क्षणी तिनं ठरवून टाकलं की लग्न करायचं तर याच घरात. नवऱ्याकडे तिनं नीट बघितलं ते पुढच्या भेटीत.

लाँड्री रस्त्याला लागून होती. पुढं काउंटर, त्यामागं हँगरची लांब दांडी, मधल्या खोलीत बॉयलर आणि इस्त्रीची टेबलं, आणि अगदी मागं, उत्तरेच्या खिडकीशी, डागांचं टेबल. वरच्या मजल्यावर घर. नवरा इस्त्रीत वाकबगार होता, बाहीची घडी अशी पाडायचा की तिच्यावर बोट ठेवायला भीती वाटावी. पण डाग दिसला की त्याला घाम फुटायचा. डागांच्या टेबलावर फक्त मामंजी बसत. तिथं मऊ ब्रश, डाग खरवडायची हाडाची पट्टी, टिपायची फडकी आणि ओळीनं बाटल्या, आणि त्या खुर्चीला दुसऱ्या कुणी टेकलेलंसुद्धा त्यांना खपत नसे.

शब्दांचं त्यांचं गणित पक्कं होतं. पसरायचा थांबला, तर 'रोखला'. फिका झाला, माहीतगारालाच दिसेल इतका, तर 'नमवला'. अजून जोर लावला तर कापड जाईल, म्हणून अर्ध्यावर सोडला, तर 'तह झाला'. 'हरवला' त्यांना आवडत नसे. "हरवणं खेळातलं. खेळात हरलेला उद्या पुन्हा बूट घालून हजर." 'जिंकलो' तर मुळीच नाही. "जिंकलो म्हणणारा आरशात बघत असतो. त्यानं कापडाकडे बघावं." एकदा शेजारचा चांभार कौतुकानं म्हणाला, "धुव्वा उडवलात हो डागाचा!" तर मामंजी घाईघाईनं तो शर्ट उलटा करून भोक पडलंय का ते बघू लागले. "लाँड्रीत धुव्वा म्हणू नये. आमच्याकडे तो डागाचा उडत नाही, शर्टाचा उडतो."

आणि सगळ्यांच्या वर एकच क्रियापद: मात करणे. ते देवघरातल्या भांड्यासारखं जपून ठेवलेलं. कापड पूर्ण वाळलेलं हवं. उत्तरेच्या उजेडात, सुलट्या अंगानं आणि उलट्या अंगानं, डागाचा मागमूस नको, आणि कापडाला लढाई झाल्याचं कळलेलंही नको. मगच म्हणायचं, 'मात केली'. "मात डागावर करायची असते, कापडावर नव्हे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि सगळ्यात मोठा कायदा: ओल्या कापडावर निकाल सांगायचा नाही. कारण ओलेपणी डाग लबाडासारखा पाण्याखाली दडून बसतो, आणि कापड वाळलं की डोकं वर काढतो.

हा कायदा घरातही चाले. कुणाला सर्दी झाली आणि तो म्हणाला, "आता बरं वाटतंय," तर मामंजी विचारत, "रुमाल वाळला का?"

घाईबाई काउंटर सांभाळता सांभाळता डाग शिकली. मामंजींच्या पाठीमागं उभी राहून, मग शेजारी उभी राहून, मग त्यांनी दिलेले कपडे टेबलाच्या कोपऱ्यावर, उभ्यानंच. शाई, गंज, मेण, तेल, सगळ्यांशी तिनं दोन हात केले. आणि दर वेळी मामंजी कापड खिडकीशी धरून म्हणत, "रोखलास." "नमवलास, छान." "तह केलास, शहाणपण केलंस." मात कधी नाही. चूक दर वेळी एकच असायची. शेवटच्या टप्प्यावर तिला दम निघत नसे. ती एक फवारा जास्त मारायची, एकदा जास्त घासायची, किंवा वाळायच्या आत इस्त्रीकडे पाठवायची. "हात सोन्याचे आहेत," मामंजी म्हणत, "पण बुडाखाली निखारा आहे."

त्या वर्षी मामंजींनी जेवताना सांगून टाकलं की आता ते टेबल सोडणार. "खुर्ची त्याची, ज्यानं एकदा तरी मात केली. नाहीतर डागाचे कपडे पलीकडच्या मोठ्या कारखान्यात पाठवू. आपण इस्त्री करून खाऊ."

नवरा घास गिळत म्हणाला, "इस्त्रीत काय वाईट आहे?"

घाईबाईला आपलं पुढचं सगळं आयुष्य दिसलं: काउंटर, दोरा, गठ्ठे, आणि मागं रिकामी खुर्ची. तिला ती खुर्ची हवी होती, आणि खुर्चीपेक्षाही तो शब्द हवा होता, मामंजींच्या तोंडून, एकदा.

आणि मग एका सकाळी बँडमास्तर आले.

गावाच्या वाद्यवृंदाचे हे मास्तर म्हणजे अंगानं काडी आणि आवाजानं नगारा. त्या संध्याकाळी सभागृहात त्यांचा मोठा कार्यक्रम होता. त्यांनी काउंटरवर आपला पांढरा कोट असा पसरला, जसा कुणी जखमी माणूस आणून ठेवावा. कोटाच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या बरोबर मधे, तळहाताएवढा लालजांभळा डाग.

"नातू," मास्तर म्हणाले. "खांद्यावर बसला होता. हातात डाळिंब होतं. मी त्याला घोडा झालो, तो हसला, डाळिंब फुटलं."

"पाठीवर आहे ना, मग काय," नवरा दिलासा द्यायला गेला. "समोरून तर नाही."

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं. "अहो, मी बँडमास्तर आहे! माझं तोंड फक्त बँडवाले बघतात. गावानं आजवर माझी पाठच बघितली आहे. या गावात माझी पाठ म्हणजेच मी!"

"दुसरा कोट नाही का?"

"आहे. आधीच्या मास्तरांचा. त्यात माझ्यासारखे दोन मावतील, आणि मधे तबलजी बसेल."

मामंजी वर झोपले होते. हल्ली सकाळच्या कामानं त्यांचे डोळे दुखत. घाईबाईनं कोट उचलला. डाळिंब म्हणजे डागांमधला दादा. साबण लावला तर चिकटतो, ऊन पाणी लावलं तर कायमचा राहायला येतो. तिनं थंड पाण्यापासून सुरुवात केली, मग ग्लिसरीन, मग व्हिनेगर, टिपत टिपत, कडेकडून मधे. लाल गेलं, जांभळं आलं. जांभळं गेलं, राखाडी आलं. मग पेरॉक्साइडचे थेंब. ती खुर्चीला न टेकता, उभ्यानं, श्वास धरून काम करत होती. आणि दुपारी, शेवटचं पाणी मारल्यावर, तिच्या डोळ्यांसमोर सगळा कोट बर्फासारखा पांढरा झाला.

तिनं उलटा करून बघितला. पांढरा. खिडकीशी धरला. पांढरा.

आणि ती ओरडली, "मात!"

इस्त्री हातात घेऊनच नवरा धावत आला. "खरंच?"

"मात! मात! डाळिंबावर मात!" तिनं ओला कोट दोन्ही हातांत धरून गिरकी घेतली. नवऱ्यानं इस्त्री ठेवली आणि तोही तिच्याबरोबर फिरला. बॉयलरनं शिट्टी दिली ती त्यांना सनईसारखी वाटली. आणि नवरा, ज्याला आयुष्यात कधी चांगली बातमी पहिल्यांदा सांगायला मिळाली नव्हती, तीन तीन पायऱ्या गाळत वर धावला.

वरून मामंजींचा आवाज आला, "काय सांगतोस! डाळिंबावर? सूनबाईनं?" मग कपाट उघडल्याचा आवाज. मग, "माझा काळा कोट काढ! संध्याकाळी मी कार्यक्रमाला येणार! पहिल्या रांगेत बसणार!"

घाईबाई खाली हसत होती. हसता हसता तिनं कोट पंख्याखाली अडकवला. हसता हसता काउंटरवर दोन गिऱ्हाइकं केली. परत आली तेव्हा कोट वाळला होता, आणि तिचं हसू जिथल्या तिथं राहिलं.

पाठीच्या मधोमध एक पिवळी चकती उगवली होती. कडेला गडद, मधे फिकी, जणू कुणी कोटावर चहाची बशी ठेवून उचलली होती.

नवरा खाली आला. त्यानं चकती बघितली, बायकोकडे बघितलं, वर जिन्याकडे बघितलं. "त्यांनी बूट पॉलिश करायला घेतलेत," तो कुजबुजला.

"ओला असताना ओरडले मी," ती म्हणाली. "इतकी वर्षं हा एकच कायदा ऐकतेय, आणि ओला असताना ओरडले."

"सांगून टाकू का?"

"थांबा हो." तिनं पुन्हा सगळं करायचं म्हटलं तर वाळायला वेळ नव्हता. मास्तर दारात हजर होते, केसांना तेल लावून, हात पुढं करून. त्यांनी चकती बघितली आणि मटकन स्टुलावर बसले. घाईबाईच्या हाताशी इस्त्रीचा पाण्याचा फवारा होता. हाताला चाळा म्हणून तिनं फसकन तो चकतीवर मारला.

चकती गेली. पाण्याखाली दडली, लबाड.

तिघेही बघत राहिले. घाईबाईनं हळूच विचारलं, "मास्तर, दोन गाण्यांच्या मधे तुम्ही पडद्याआड येता ना?"

"येतो. टाळ्या वाजल्या की आत, मग पुन्हा बाहेर. का?"

"तुम्हाला सर्दी लवकर होते का?"

संध्याकाळी सभागृह तुडुंब भरलं. मामंजी पहिल्या रांगेत, जवळचा आणि लांबचा असे दोन्ही चष्मे घेऊन, काळ्या कोटात नवरदेवासारखे. शेजारी मुलगा. घाईबाई पडद्याआड, पदर खोचून, हातात फवारा. ठरलं असं होतं: पाठीवर चकती उगवायला लागली की नवऱ्यानं रुमाल काढून नाक पुसायचं.

पहिली रचना छोटी होती. टाळ्या झाल्या, मास्तर आत आले, पाठ केली. फस, फस, फस. "अगाई गं!" म्हणाले आणि परत गेले. दुसरी रचनाही सुखरूप पार पडली. फस, फस. "बाई, मणक्यातून ओघळतंय." "ताठ राहा, मास्तर." बाहेर लोक म्हणत होते, आज मास्तर काय ताठ उभे आहेत!

तिसरी रचना लांब होती. लांब आणि संथ. वर दिवे तापलेले. बासऱ्या आळोखेपिळोखे देत वाजत होत्या आणि घाईबाईनं पडद्याच्या फटीतून बघितलं, तर नवऱ्याच्या नाकावर रुमाल.

नवरा नाक पुसत होता, पुन्हा पुसत होता, रुमाल झेंड्यासारखा हलवत होता. मामंजींनी वळून विचारलेलं तिला ओठांवरून कळलं: "सर्दी झाली का रे?"

फवारा तिथवर पोचणार नव्हता. पाणी नेता येणार नव्हतं. पण पाणी माणसाच्या अंगातूनही येतं! ती फटीत उभी राहिली, मास्तरांच्या नजरेच्या रेषेत, आणि दोन्ही हातांनी कपडे घुसळल्यासारखी खूण करायला लागली. जोरात! अजून जोरात! मास्तरांच्या भुवया वर गेल्या. ती स्वतःच्या पाठीकडे बोट करून, कपाळावरचा घाम पुसल्याचं सोंग करून पुन्हा घुसळायला लागली.

मास्तरांना कळलं.

त्यांची काठी एकदम वर गेली. संथ रचना दचकून उठली. बासऱ्यांनी आधी एकमेकींकडे बघितलं, मग मास्तरांकडे, आणि धावत सुटल्या. व्हायोलिनवाले मागून पळाले. ढोलवाला आजवर त्या रचनेत नुसता बसून राहायचा, त्याला वाटलं आपली पाळी आली, त्यानं धडाधड सुरू केलं. मास्तर हात फिरवत होते, उड्या मारत होते, काडीसारखा माणूस वादळात सापडल्यासारखा हलत होता. घाईबाई पडद्याआड उड्या मारत होती. लोकांनी पाय आपटायला सुरुवात केली. मागच्या रांगेतले उभे राहिले. आणि मास्तरांच्या पाठीवर घाम फुटला, आधी मानेशी, मग खांद्यांवर, मग मधोमध, आणि चकती बुडाली.

नवऱ्यानं रुमाल खाली घेतला.

ती रचना नेहमीपेक्षा कितीतरी आधी संपली. टाळ्या मात थांबेनात. मास्तरांना पुन्हा वाजवावं लागलं, पुन्हा तसंच. घाईबाई पडद्याला टेकून खाली बसली आणि हसू आवरेना म्हणून तिनं फवारा स्वतःच्याच तोंडावर मारला.

सभागृहाच्या दारात गर्दी होती. मास्तर मधोमध, केस विस्कटलेले, चेहरा तांबडालाल, आणि पाठ? पांढरी. लोक त्यांचे हात हातात घेत होते. मामंजी गर्दीतून वाट काढत आले, एक चष्मा नाकावर, एक कपाळावर. त्यांनी मास्तरांना खांद्याला धरून फिरवलं, दिव्याखाली पाठ बघितली, आणि मग सगळ्यांकडे तोंड केलं.

"मंडळी, ऐका. सकाळी या कोटावर डाळिंब होतं. आयुष्य गेलं माझं या धंद्यात, डाळिंबाशी मी दर वेळी तह केला. आज माझ्या सुनेनं..." ते थांबले. त्यांनी घाईबाईकडे बघितलं. तो शब्द त्यांच्या ओठांवर आला होता. तिला तो दिसत होता. इतकी वर्षं वाट बघायला लावून आलेला, सगळ्या गावासमोर, खुर्चीसकट. तिनं फक्त गप्प राहायचं होतं. तिचा स्वभाव बघता एवढं एकच काम तिला कधी जमलं नव्हतं.

"मामंजी," ती म्हणाली, "कोट ओला आहे."

नवऱ्यानं डोळे मिटले. मामंजींनी हात पुढं करून मास्तरांची पाठ चाचपली. तळहात ओला झाला. त्यांनी तो हात दिव्याखाली धरून बघितला.

"घाम असेल," ते म्हणाले, जरा आशेनं.

"घाम आहे, आणि पाणी आहे. माझ्या फवाऱ्याचं. वाळला की दिसेल, पिवळी चकती. मी ओल्यावर ओरडले. आणि मग तुम्ही बूट पॉलिश करत होतात, म्हणून..."

मामंजींनी मान वळवून मुलाकडे बघितलं. "म्हणून हा सारखं नाक पुसत होता होय! मी म्हटलं, एवढं नाक पुसतोय आणि रुमाल कोरडा कसा?"

आणि त्यांना हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग पोट, मग ते खाली पायरीवरच बसले. "पाणी मारलंस? मधे मधे? आणि ती धावपळ... तो ढोल... ती तू?" मास्तरांनी मान डोलावली तर ते अजून हसले. मास्तर हसायला लागले, नवरा हसायला लागला, काय झालं ते न कळलेली माणसंही हसायला लागली.

डोळे पुसत मामंजी हळू आवाजात फक्त तिला म्हणाले, "पहिल्या रांगेत बसून मला चकती दिसली नाही गं. यानं बघितली, मी नाही. म्हटलं, एक तर हिनं मात केली, नाहीतर माझे डोळे गेले. आणि डोळे गेले असं म्हणवेना." मग उठताना तिचा हात धरून मोठ्यानं, "उद्या सकाळी लवकर खाली ये. खुर्चीवर बस. उभ्यानं काम करतेस म्हणून तुला घाई होते."

"पण मात कुठं झाली, मामंजी?"

"मात वाळल्यावर. खुर्चीला कुठं वाळायचं असतं?"

दुसऱ्या दिवशी ती बसली. खुर्ची तिच्या उंचीला मोठी होती, पाय लोंबकळत होते. मास्तरांनी रात्रीच काढून दिलेला कोट तिनं पुन्हा थंड पाण्यात घेतला, आणि या वेळी प्रत्येक टप्प्यावर वाळू दिला. वाळेस्तोवर हात मांडीवर. तिला सगळीकडून मुंग्या येत होत्या. "वाळला का?" नवरा इस्त्रीवरून विचारायचा. "वाळू दे," ती आणि मामंजी एका सुरात ओरडायचे. चकती फिकी झाली, मग कड उरली, मग कडेचा एक तुकडा, नखाएवढा. दिवस कलायच्या आत तिनं शेवटच्या वेळी कोट पंख्याखालून उतरवला, खिडकीशी धरला, उलटा केला, वास घेतला, गालाला लावून ओल बघितली. बराच वेळ काही बोलली नाही. नवऱ्याच्या आठवणीत ती इतका वेळ कधी गप्प बसली नव्हती.

"मामंजी," ती म्हणाली. "मात केली."

ते स्टुलावर बसून होते. त्यांनी चष्म्याला हातही लावला नाही.

"बघा तरी!"

"तू म्हणालीस ना," ते म्हणाले. "आता या टेबलावर तूच म्हणायचं."

तिनं रडायच्या आधी घाईघाईनं कोट नवऱ्याकडे फेकला. त्यानं तो कडक इस्त्री करून हँगरवर चढवला. संध्याकाळी मास्तर आले, कोट घेतला, पाठीकडून बघितला, पोटाकडून बघितला, फार छान म्हणाले, आणि दारापर्यंत जाऊन घुटमळले.

"काय झालं मास्तर?"

"नाही, म्हणजे, कार्यक्रम आहे पुढच्या आठवड्यात," ते अवघडून म्हणाले. "लोक म्हणताहेत, तसंच वाजवा." मग त्यांनी काउंटरकडे पाठ केली आणि कोट अंगावर चढवला. "बाई, थोडं पाणी माराल का?"